'ळ'ला दहा गुण

३ फेब्रुवारी, सकाळ

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची पट्टी परवा निघाली. डॉक्टर म्हणाला, बारीक काही वाचायचं नाही. मी म्हटलं, बारीक मी जन्मात वाचलेलं नाही, लिहिलेलं तर त्याहून नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फुटाखाली अक्षर काढलं नाही. डॉक्टर म्हणाला, बरं.

चिरंजीव काल गेला. डोळ्यात थेंब घालायला दोन दिवस आला होता. बोलणं बेताचंच. 'वर बघा.' 'मिटा.' 'उघडा.' हात मात्र स्थिर. ब्रशचा हात आहे. वाया घालवला. असो.

जाताना माझ्या मोबाईलमध्ये शब्दांचा खेळ घालून दिला. तिकडून तो खेळणार, इकडून मी. म्हणाला, वेळ जाईल तुमचा. मी विचारलं, आता परत कधी? तर चप्पल घालता घालता म्हणाला, 'यात मला हरवा अण्णा, लगेच येतो.'

आक्का म्हणाली, पोरगं गमतीनं बोललं. आक्का माझी थोरली बहीण, मेव्हणे गेल्यापासून इथंच असते. तिला गंमत आणि शब्द यातला फरक कळत नाही. आमच्या घरात दिलेला शब्द पाळतात.

अंदाज : आठ दिवस. फार तर दहा.

४ फेब्रुवारी

नियम समजून घेतले. सात अक्षरं मिळतात. त्यांचे शब्द करून पटावर लावायचे. क, र, स, म असल्या फुकट्या अक्षरांना एक गुण. ठ, झ असल्यांना आठ. सगळ्यात भारी ळ. 'ळ'ला दहा. लाल घरात शब्द लागला की तिप्पट. काना, मात्रा, वेलांटी फुकट, हवी तिथं लावा.

हे मला पटलं नाही. मी अक्षरावर पैसे घेत होतो तेव्हा वेलांटीचेही घेत होतो. वेलांटीला काय रंग लागत नाही?

पण सोपं आहे. शाळा सातवीत सोडली तरी अक्षरांतच जन्म गेला. त्याला मुळाक्षरं मीच शिकवली, तीही खडूनं नाही, ऑईल पेंटनं. आता तो मला हरवणार होय.

६ फेब्रुवारी

चिरंजीव दिवसातून एकच शब्द टाकतो, तोही संध्याकाळी. काल 'काम'. आज 'बस'. एक एक गुणाची अक्षरं. काही दम नाही.

मी 'पंक्चर' लावला. खेळ म्हणतो, असा शब्द नाही. पाच मिनिटं मोबाईलकडे बघत बसलो. जेवढे पंक्चर मी रंगवलेत तेवढे या खेळवाल्यानं जन्मात काढले नसतील. 'हार्डवेअर' नाही. 'ड्रायक्लीनिंग' नाही. 'टायपिंग' नाही. मग माणसं बोलतात तरी काय?

९ फेब्रुवारी

आघाडीवर! अकरा गुणांनी पुढे. चिरंजीवानं परवा 'नंतर' टाकला. त्यानंतर काही नाही. अडकलाय.

समोरच्या टेलरला जाऊन सांगितलं. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, 'पेंटर, अडकलाय का विसरलाय?' टेलरला स्वतःला मूल नाही. त्याला काय सांगायचं.

१३ फेब्रुवारी

अजून विचार करतोय. करू दे. घाईनं केलेलं काम मलाही आवडत नाही. त्याच्या फ्लेक्सचं तेच तर आहे. बटण दाबलं, पाटी तयार. सहा महिन्यांत उन्हानं पांढरी. त्यानं ते मशीन घेतलं तेव्हा मी एकच वाक्य बोललो होतो. एका वाक्यावर कुणी गाव सोडतं का? काय बोललो होतो ते आता नीट आठवत नाही. आक्काला आठवतं. तिला विचारायचं नाही.

१६ फेब्रुवारी

आक्का म्हणाली, 'विचार करत नाहीये तो. विसरला.' बाई आज टेलरकडे गेली असणार.

दुपारी मोबाईलवर काहीतरी मजकूर आला. बारीक अक्षरात. 'तुमचे सोबती बरेच दिवस खेळले नाहीत. त्यांच्या जागी...' पुढं अजून चार ओळी. बारीक अक्षरात लिहिलेलं कधीच कुणाच्या कामाचं नसतं. कामाचं असतं तर मोठं लिहिलं असतं. खाली हिरवं बटण होतं, दाबलं.

आणि लगेच समोरून शब्द! 'गाठ'! ठ-वाला, आणि बरोब्बर रंगीत घरात. आक्काला बोलावून दाखवलं. म्हटलं, हा बघ विसरलेला. आक्कानं पदराला हात पुसले, बघितलं आणि गप्प गेली. गप्प बसवलं की बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

चिरंजीवात फार फरक पडलाय. मी शब्द लावायचा अवकाश, पापणी लवायच्या आत उत्तर. सकाळी चहाला बसलो, शब्द टाकला, उत्तर. अंघोळीहून आलो, टाकला, उत्तर. पहाटे जाग आली तेव्हा टाकला, तेव्हाही उत्तर. धंदा थंड दिसतोय तिकडे. मी सांगितलंच होतं.

पहिला डाव हरलो. अकराची आघाडी गेली. पण बाप-लेकांचं एवढं बोलणं गेल्या सहा वर्षांत झालं नव्हतं.

२० फेब्रुवारी

हरलो.

२१ फेब्रुवारी

हरलो. चष्म्याचा नंबर अजून यायचाय.

२३ फेब्रुवारी

आज 'कारखानदार' लावला. सहा अक्षरी! असल्या एका पाटीवर मी महिन्याचं राशन आणलेलं आहे. खेळानं दिले नऊ गुण. नऊ! समोरून लाल घरात 'झळ'. दोन अक्षरं. आठ आणि दहा अठरा, तिप्पट चोपन्न.

टेलर म्हणाला, 'पेंटर, कापड किती आहे ते बघू नकोस, कुठं लावतोस ते बघ.' मी म्हटलं, तू माझ्या विजारीची डावी बाजू लांब केली होतीस, तेव्हा कुठं बघत होतास?

संध्याकाळी मात्र वेगळाच विचार आला. चिरंजीवाला एवढे शब्द येतात, मग त्यानं 'झळ'च का लावला? सरळ बोलायची सवय त्याला नाही. बापावर गेलाय. तोंडानं सांगत नाही, पण कसली तरी झळ लागलीय त्याला. नक्की.

इतके दिवस मी नुसते गुण मोजत बसलो. यापुढं शब्दही वाचायचे.

२५ फेब्रुवारी

'खोकला.'

सरळ लिहिलंय. आता याहून स्पष्ट काय सांगेल बिचारा.

औषधाच्या दुकानातून चांगली मोठी बाटली घेतली. कुरिअरवाल्यानं विचारलं, सोबत चिठ्ठी वगैरे? म्हटलं, चिठ्ठी कशाला, बाटलीवर लिहिलंय की, दिवसातून दोनदा. पाठवणाऱ्याचं नाव मात्र लिहायलाच लागतं म्हणाला. कसला नियम आहे कोण जाणे. लिहिलं.

२६ फेब्रुवारी

आज त्यानं 'बरा' लावला. औषध लागू पडलं!

आक्का म्हणाली, 'अरे, बाटली अजून इथल्या गोदामात असेल.' कुठलीही चांगली गोष्ट झाली की ही बाई तारीख विचारते.

१ मार्च

सूनबाईचा फोन. आक्कालाच करते ती. आक्कानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'खोकल्याची बाटली का पाठवलीस म्हणून विचारतेय. घरात कुणाला खोकला नाहीये.' मी म्हटलं, तो बायकोपासून लपवत असणार. तिला सांगू नकोस. आक्का म्हणाली, 'ती ऐकतेय.'

मग फोन माझ्यापुढं धरला. 'तो शेजारीच बसलाय म्हणे. बोलतोस?'

म्हटलं, कशाला, आम्ही रोज बोलतो.

आक्का काही तरी विचित्र नजरेनं बघत राहिली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

४ मार्च

नवीन योजना. एकेक शब्दानं काही होत नाही. मोठा घाव घालायचा. शब्द सापडलाय : ढवळाढवळ. दोन ढ, दोन ळ. लाल घरात लागला की चिरंजीव चपला शोधत येईल. हातात एक ढ आणि दोन ळ आहेत. दुसरा ढ येईपर्यंत ही तिन्ही अक्षरं जपून ठेवायची.

आक्का जाता जाता मोबाईलमध्ये डोकावली. म्हणाली, 'व, ळ, ण. वळण लाव की. लाल घर पुढ्यातच आहे.' मी म्हटलं, असले किरकोळ शब्द मी लावत नाही. कशाची वाट बघतोयस म्हणाली. सांगितलं. तर पदर तोंडाला लावून एवढी हसली की टेलर दुकानातून बाहेर आला. म्हणाली, 'जन्मभर तेच केलंस पोराच्या कामात, आणि आता एका ढ-साठी अडलंय तुझं?'

५ मार्च

ढ आला नाही. डाव संपला. हातात राहिलेल्या अक्षरांचे गुण वजा होतात. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. बारीक अक्षरात असेल कुठंतरी.

हरलो. यावेळी बरंच.

दुसरा ढ चिरंजीवाकडे होता. त्यानं तो 'ढग'मध्ये घातला. ढगाला काय एवढं.

९ मार्च

'वाट.' आणि त्यालाच जोडून, खाली, 'घर.'

दोन्ही एकाच दिवशी. मोबाईल हातातून पडायचा राहिला.

आक्काला म्हटलं, उद्यापासून दूध जास्त घे. ती म्हणाली, का? चिरंजीव येतोय. त्यानं सांगितलं? लिहिलंय. काय लिहिलंय? घर. पुढं? पुढं काही नाही, 'घ'ला पाच गुण.

आक्कानं दूध मात्र घेतलं.

१० मार्च

मागची खोली आवरायला काढली. रंगाचे डबे बाहेर. घट्ट झालेले टाकले. ब्रश टर्पेंटाईनमध्ये. पलंग पुसला.

भिंतीला टेकून ती पाटी आहे, त्याच्या दुकानासाठी रंगवलेली. तीन रंगात, अक्षराला सोनेरी कड, सावली खरी वाटावी अशी. आठ दिवस खपलो होतो. उद्घाटनाला गेलो तर दारावर त्याच्याच मशीनवरचा फ्लेक्स. पाटी आत, काउंटरच्या मागं. मी उचलून घरी आणली. तो म्हणतो, संध्याकाळी लावणार होता. म्हणो. आक्का तिच्यावर उशा वाळत घालते.

पाटीवरची धूळ पुसली. सोनेरी अजून तसंच आहे. आता काढेल कुणी असली कड?

११ मार्च

स्टँडवर गेलो. सकाळची गाडी, दुपारची गाडी. नाही आला. कंडक्टरनं विचारलं, कुणाला घ्यायला आलात? म्हटलं, सहज.

घरी आलो. आक्का दूध आटवत होती. काय झालं असं विचारलं नाही, हेच जास्त लागलं.

१२ मार्च

विचार केल्यावर चूक माझीच निघाली. ठरलं काय होतं? हरवा, मग येतो. मी हरवलेलं नाही. मग तो येईल कसा? शब्दाचा पक्का आहे. अभिमान वाटला.

नवा निश्चय : मनापासून खेळायचं. मोठ्या शब्दांचा नाद सोडायचा. टेलर म्हणतो तसं, जागा बघून. (त्याला सांगायचं नाही.)

१५ मार्च

जागा बघून खेळलो. हरलो.

१८ मार्च

मोबाईल चार्ज होईना. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. चांगला केस पिकलेला माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याची पहिली पाटी मीच रंगवलेली. पिन बदलली, मोबाईल चालू केला, तर खेळच उघडला. म्हणाला, 'कुणाशी खेळता पेंटर?' म्हटलं, मुलाशी. त्यानं नाकावरचा चष्मा खाली घेतला. 'मुलाशी? हे तर कंप्युटरशी चालू आहे. समोरचं माणूस खेळायचं थांबलं की त्याच्या जागी हा खेळतो. तुम्हीच हो म्हटलेलं दिसतंय. आणि कठीणवर आहे. कठीणवर याला कोणी हरवत नाही. सोपं करून देऊ?'

मी म्हटलं, पिनचं काय ते सांग.

रेडिओवाला माणूस. याला काय कळतं. कंप्युटरला खोकला होतो का?

१९ मार्च

कंप्युटरला खोकला होत नाही. पण चिरंजीवालाही नव्हता, असं सूनबाई म्हणाली होती.

२० मार्च

परीक्षा घेतली. आक्काला म्हटलं, त्याला फोन लाव, काहीही बोल. तिनं लावला. मी शेजारी मोबाईल घेऊन बसलो. तो बोलत होता, मला ऐकू येत होतं. मशीनचा आवाज मागं. कुणाला तरी ओरडत होता, कोपरा धर, कोपरा, सुरकुती पडतेय. दोन्ही हात गुंतलेले असणार. मी गुपचूप शब्द टाकला.

पापणी लवायच्या आत उत्तर.

फोनवर बोलता बोलता, फ्लेक्स लावता लावता खेळतो. एवढी हुशारी घराण्यात कुणाकडे नव्हती.

आक्कानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. खोकल्याच्या बाटलीचा फोन आला त्याच दिवशी सूनबाईनं सांगितलं होतं, त्यानं तो खेळ कधीच काढून टाकलाय म्हणून. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'रोज सकाळी लवकर उठत होतास. दाढी करत होतास.'

२३ मार्च

रेडिओवाल्याकडे गेलो. म्हटलं, डोळ्यांना ताण पडतो, सोपं करून दे. त्यानं काही विचारलं नाही. चांगला माणूस आहे. पाटी पुन्हा रंगवून देईन म्हटलं. तो म्हणाला, फ्लेक्स सांगितलाय हो.

जिंकलो! पहिल्याच डावात. समोरचा 'कप', 'नग' असले शब्द टाकत होता. मला दोन्ही ळ आले. खेळात फटाके उडाले, रंगीत कागद पडले.

हरवलं म्हणजे हरवलं. कठीण-सोपं असं काही ठरलं नव्हतं. मी स्वतः फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, हरवलं तुला.

चिरंजीव म्हणाला, 'कशात?'

म्हटलं, शब्दांच्या खेळात. तो म्हणाला, 'हां हां, तो. खेळता का अजून? छान.' मग जरा थांबला. 'डोळा कसाय? थेंब घालता ना?' म्हटलं, आक्का घालते. 'बाटली मिळाली अण्णा. ठेवलीय.' म्हटलं, मुदत बघून घे. मागं ते मशीन चाललेलं. चांगलं चालतंय, आवाजावरून कळतं.

मीच म्हटलं, तू म्हणाला होतास, हरवलं की येतो. तो हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, 'येईन की. सध्या सीझन आहे. बघतो.'

बघतो. मी गिऱ्हाइकाला जन्मभर बघतो म्हणत आलोय. ज्या पाट्या करायच्या नसायच्या त्यांना.

२४ मार्च

काही नाही.

२७ मार्च

पुन्हा कठीणवर लावून आणलं. सोप्यात दम नाही. मुद्दाम हरणारा माणूस आपल्याला चालत नाही.

रेडिओवाल्यानं जुने डाव कुठं राहतात ते दाखवलं. सगळ्यात खाली पहिला डाव. त्यात मध्येच एक निळी रेघ. म्हणाला, या रेघेच्या वर तुमचा मुलगा, खाली कंप्युटर. त्याचं भिंग मागून घेतलं, ते घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. बारीक होतं, तरी वाचलं. रेघेच्या वर चिरंजीवाचे शब्द. काम. बस. नंतर. त्यांच्याशेजारी तेव्हाचे गुण. मी अकरानं पुढे.

म्हणजे तो खेळ सोडून गेला तेव्हा मी जिंकतच होतो. फेब्रुवारीतच हरवलेलं आहे.

घरी येऊन आक्काला सांगितलं. ती थेंबाची बाटली घेऊन आली. म्हणाली, वर बघ. बघितलं. म्हणाली, मिट. जास्तीचं दूध तिनं अजून बंद केलेलं नाही.

नवा डाव लावलाय. पहिल्याच हाताला ळ आला. समोरून लगेच शब्द. बघितला नाही.

अकरा गुण म्हणजे तसे काही फार नाहीत. तेवढ्यासाठी कोण एवढ्या लांब येतं.